पारा दहावर, दव मात्र गोठलेले : थंडीच्या लिखाणाची एक चिकित्सा

दर वर्षी डिसेंबर-जानेवारीत वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते : महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठले. सोबत छायाचित्र असते. बोटींच्या धक्क्यावरचा पांढरा थर, मोटारीच्या टपावरून खरवडून काढलेला बर्फाचा चुरा, नाहीतर लिंगमळ्याकडच्या वाफ्यांतली पांढरी झालेली स्ट्रॉबेरीची पाने. 'मिनी काश्मीर' हे शब्द मथळ्यात नसले तर पहिल्या परिच्छेदात असतात. आणि अनेकदा त्याच अंकात, राज्यातील किमान तापमानाच्या चौकटीत, महाबळेश्वरपुढे आकडा असतो नऊ किंवा दहा अंश सेल्सिअस.

पाणी शून्य अंशाला गोठते हे प्राथमिक शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. समजा, एखादी चौकस विद्यार्थिनी हे दोन्ही मजकूर कापून वर्गात घेऊन आली आणि तिने विचारले, "बाई, यातले खरे कोणते?" तर उत्तर काय द्यायचे? दोन्ही खरे आहेत. पण दोन्ही एकाच वेळी खरे कसे असू शकतात, हे बातमी सांगत नाही आणि शाळेतला दवाचा पाठही सांगत नाही.

थंडी, दव आणि दहिवर यांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्याची चिकित्सा करण्याचे आम्ही येथे योजले आहे. तीन प्रकारचे लिखाण आमच्यासमोर आहे : वर्तमानपत्रातली बातमी, शाळेतले स्पष्टीकरण आणि शेतकऱ्यांसाठी छापला जाणारा सल्ला. यांत धादांत चुका थोड्या आहेत. दोष आहे तो अर्धवटपणाचा, आणि तिन्ही ठिकाणी तो एकच आहे. हे सारे लिखाण हवेबद्दल बोलते आणि आकाश विसरते. हा प्रश्न केवळ शब्दांच्या काटेकोरपणाचा नाही. निफाडचा द्राक्षबागाईतदार असो की महाबळेश्वरचा स्ट्रॉबेरीवाला, आज रात्री जागायचे की झोपायचे हे तो असले लिखाण वाचूनच ठरवत असतो.

आकडा नेमका कशाचा?

चौकटीतला 'किमान तापमान' हा आकडा जमिनीचा नसतो, गवताचा नसतो आणि पानाचाही नसतो. तो असतो झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर ठेवलेल्या तापमापीचा. या पेटीला स्टीव्हन्सनची पेटी म्हणतात. झडपांतून हवा खेळती राहते, पण ऊन आत शिरत नाही आणि तापमापीला आकाशही दिसत नाही. पेटीचा हेतूच तो आहे. जगभरच्या नोंदींची तुलना करायची तर केवळ हवेचे तापमान मोजले पाहिजे. ऊन, जमीन, आकाश यांचा प्रभाव वगळला पाहिजे.

याचा अर्थ असा, की दव आणि दहिवर ज्यामुळे तयार होते नेमके तेच कारण या पेटीने मुद्दाम बाहेर ठेवलेले असते. हवामान खात्याला हे अर्थातच माहीत आहे. म्हणूनच काही वेधशाळांत गवताच्या पात्यांच्या टोकांच्या उंचीवर उघड्यावर आडवी ठेवलेली आणखी एक तापमापी असते. निरभ्र, शांत रात्री ती पेटीतल्या तापमापीपेक्षा कित्येक अंश खाली उतरते. पण तिचा आकडा वर्तमानपत्राच्या चौकटीत येत नाही.

दुसरी गोष्ट जागेची. थंड हवा जड असते. शांत रात्री ती उतारावरून पाण्यासारखी ओघळते आणि खोलगट जागी साठते. महाबळेश्वरचे गावठाण उंचावर आणि वेण्णा तलाव खोलगटात. म्हणजे तलावाकाठी आधी हवाच जास्त थंड, आणि त्या हवेपेक्षा तिथला मोटारीचा टप आणखी थंड. दोन्ही फरकांची बेरीज झाली की दहा आणि शून्य यांतले कोडे सुटते.

पुणेकरांना हे घरच्या घरी पाहता येते. पूर्वी पुण्याचे किमान तापमान म्हणजे शिवाजीनगरचा एक आकडा असे. आता पाषाण, एनडीए, लोहगाव, मगरपट्टा असे वेगवेगळे आकडे छापून येतात, ही सुधारणा स्वागतार्ह आहे. एकाच पहाटे पाषाण आणि मगरपट्टा यांत पाच-सहा अंशांचा फरक दिसतो. मात्र हा फरक का पडतो याची एक ओळही सोबत नसते, त्यामुळे तो नुसता गमतीचा विषय होऊन बसतो. शिवाजीनगरला १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश इतक्या नीचांकी तापमानाची नोंद झाली, हेही दर थंडीत छापले जाते. तो आकडाही पेटीतला होता. त्या पहाटे उघड्या गवतावरचे तापमान शून्याखाली गेले असणार, हा तर्क मात्र वाचकाला कोणी करायला लावत नाही.

विसरलेले आकाश

दवाचे शालेय स्पष्टीकरण सहसा या क्रमाने येते : रात्री हवा थंड होते, तिच्यात वाफ सामावण्याची क्षमता कमी होते, जादा वाफेचे पाणी होऊन पानांवर जमते. वाक्ये बरोबर आहेत. क्रम उलटा आहे. रात्री आधी थंड होते ते पान, गवत, टप. त्यांच्यामुळे त्यांना चिकटून असलेली हवा थंड होते.

पान थंड का होते? प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार उष्णता प्रारित करत असते. सात अंश तापमानाचा पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे ३५० वॅट या दराने अवरक्त किरणांच्या रूपात उष्णता बाहेर टाकतो. आकाशही परत काही पाठवते, कारण हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड प्रारण करतात. पण आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर परत येणारी उष्णता ढोबळमानाने २५० वॅटच्या आसपास असते. म्हणजे दर चौरस मीटरला शंभरेक वॅटचा तोटा, तोही रात्रभर. ढग असले तर ते खालच्या बाजूने जवळजवळ जमिनीइतकीच उष्णता परत पाठवतात आणि तोटा अगदी थोडा उरतो. ढगाळ रात्र उबदार असते ती यामुळे. वारा असला तर वरची उबदार हवा खाली येत राहते आणि पानाचा तोटा भरून निघतो. आकाश निरभ्र आणि हवा निश्चल असेल तेव्हाच पान एकटे पडते.

ही गोष्ट आपल्या देशात प्रयोगशाळेशिवाय वापरात होती. रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ साली अलाहाबादकडे बर्फ कसा तयार करत याचे वर्णन प्रसिद्ध केले. मोकळ्या मैदानात उथळ खड्डे खणून त्यांत उसाची चिपाडे किंवा मक्याची वाळकी ताटे पसरत, त्यांवर न झिलई दिलेल्या मातीच्या उथळ पसरट थाळ्या ठेवत आणि त्यांत उकळून गार केलेले पाणी ओतत. हवेचे तापमान शून्याच्या वर असतानाही पहाटे थाळ्यांत बर्फ धरलेला असे. चिपाडांमुळे जमिनीची ऊब थाळीपर्यंत पोहोचत नसे आणि थाळीचे तोंड आकाशाकडे उघडे असे. सच्छिद्र मातीतून होणाऱ्या बाष्पीभवनाचीही मदत होई. वेण्णाकाठचा मोटारीचा टप म्हणजे जमिनीपासून तोडलेली अशीच एक थाळी.

याचा उलगडा नीट केला तो विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनमधील डॉक्टरांनी, १८१४ साली. त्यांच्या प्रयोगाचे साहित्य कोणत्याही शाळेला परवडेल : लोकर, तराजू आणि दोन्ही बाजूंनी उघडे मातीचे नळकांडे. लोकरीचे सारख्या वजनाचे पुंजके रात्री बाहेर ठेवायचे आणि सकाळी तोलायचे. नळकांडे गवतावर उभे करून त्याच्या आत ठेवलेल्या लोकरीवर बाहेरच्या लोकरीपेक्षा फारच कमी दव जमले. दव खरोखर वरून 'पडत' असते तर नळकांड्याचे वरचे तोंड उघडे असल्याने आतली लोकरही तितकीच भिजायला हवी होती. तसे झाले नाही, कारण नळकांड्याच्या भिंतींनी बहुतेक आकाश झाकले होते. वेल्स यांनी चार काटक्यांवर एक पातळ हातरुमालही ताणून बसवला. त्याखालचे गवत उघड्या गवतापेक्षा स्पष्टपणे उबदार राहिले. पूर्वी माळी नाजूक रोपांवर पातळ चटया घालताना पाहून आपल्याला हसू येत असे, असे त्यांनी प्रांजळपणे नमूद केले आहे. इतकी पातळ चटई थंड हवा काय अडवणार, असे त्यांना वाटे. चटई हवा अडवतच नव्हती. ती आकाश अडवत होती.

दवबिंदू, दव आणि दहिवर

आता शब्दांकडे वळू. 'दव पडले' या म्हणण्याला आमची हरकत नाही. सूर्य उगवतो असेही आपण म्हणतोच. हरकत आहे ती 'दवबिंदू'च्या दुहेरी वापराला. बातमीत दवबिंदू म्हणजे दवाचा थेंब. दहावीच्या विज्ञानात मात्र 'दवबिंदू तापमान' म्हणजे हवा ज्या तापमानाला वाफेने संपृक्त होते ते तापमान. एकच शब्द एका ठिकाणी वस्तू आणि दुसऱ्या ठिकाणी तापमान. काही जुन्या पुस्तकांत 'दवांक' हा शब्द आढळतो. तो पुन्हा रुळवावा असे आम्हांला वाटते. या लेखात पुढे तोच वापरला आहे.

शिवाय त्या पांढऱ्या थरातले सगळेच 'गोठलेले दव' नसते. दवांक शून्याच्या वर असेल तर आधी पाण्याचे थेंब जमतात आणि मग ते गोठून बर्फाचे मणी होतात. दवांक शून्याच्या खाली असेल तर वाफ थेंबाची पायरी न घेता सरळ स्फटिक बनून पिसांसारखी चिकटते. हे खरे दहिवर. आणि हवा फारच कोरडी असेल तर पान शून्याखाली जाऊनही पांढरे काहीच दिसत नाही. पेशींमधले पाणी गोठून पाने दुपारपर्यंत काळी पडतात. बागेला धोका या तिसऱ्या प्रकाराचा जास्त, कारण तो फुकट इशारा देत नाही. छायाचित्रात तो येत नाही, म्हणून बातमीतही येत नाही.

पुण्याचा शोध, पुण्याला अनोळखी

वरच्या विवेचनावरून वाटेल की जमिनीचा पृष्ठभाग सर्वांत थंड आणि वर जावे तसतशी हवा उबदार. गवतावर तसे होतेही. पण उघड्या, गवत नसलेल्या जमिनीवर काय होते, हा प्रश्न ज्यांनी विचारला ते भारतीय हवामान खात्यातले होते.

खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आले. शिवाजीनगरचा 'सिमला ऑफिस' चौक ही त्याची खूण. १९३२ साली खात्याने पुण्यात शेतीहवामानशास्त्राचे काम सुरू केले आणि ते एल. ए. रामदास यांच्याकडे सोपवले. रामदास हे सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी. त्याच वर्षी रामदास आणि आत्मनाथन यांनी एक चमत्कारिक निष्कर्ष प्रसिद्ध केला : निरभ्र, शांत रात्री उघड्या जमिनीवर सर्वांत कमी तापमान पृष्ठभागावर नसते, तर काही सेंटिमीटर वर, बहुधा वीस ते पन्नास सेंटिमीटरच्या पट्ट्यात असते. खालची जमीन या हवेपेक्षा काही अंश उबदार असते.

या निष्कर्षावर बाहेर बराच काळ विश्वास बसला नाही. शंका रास्त होती. खाली उबदार आणि वर थंड अशी रचना असेल तर खालची हलकी हवा वर उठून दोन्हींची सरमिसळ व्हायला हवी. मग हा थर रात्रभर टिकतो कसा? मोजमाप चुकले असणार, असे अनेकांना वाटले. पुढे इतरांनीही मोजून पाहिले. राश्के या जर्मन संशोधकांनी पुण्यातच घेतलेली मोजमापे १९५७ साली प्रसिद्ध झाली आणि थर खरा असल्याचे दिसले. बंगळुरूत वासुदेव मूर्ती, श्रीनिवासन आणि रोद्दम नरसिंह यांनी १९९३ साली त्याचा सिद्धान्त मांडला : जमिनीलगतची हवा नुसती जमिनीमुळे थंड होत नाही, ती स्वतः प्रारणाने उष्णता गमावते. २०१० च्या सुमारास के. आर. श्रीनिवास आणि सहकाऱ्यांनी, तेही बंगळुरूतच, जमिनीलगत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांचा यातला वाटा पुढे आणला. ऐंशी वर्षे एक साधे दिसणारे मोजमाप अभ्यासकांना कामाला लावत राहिले.

जगाच्या हवामानशास्त्रात हा थर रामदासांच्या नावाने ओळखला जातो. पुण्याच्या शाळांत मात्र हे नाव आमच्या कानी पडत नाही. ही अभिमान मिरवण्याची बाब नव्हे. हे उदाहरण वर्गात यायला हवे ते वेगळ्या कारणासाठी. 'जमिनीलगत सर्वांत जास्त थंडी' हे वाक्य पाठ करणे सोपे आहे. काही माणसांनी तापमापी घेऊन ते तपासले आणि ते सरसकट खरे नाही असे आढळले. विज्ञान म्हणजे काय, हे सांगायला याहून जवळचे उदाहरण पुण्यातल्या शिक्षकाला मिळणार नाही. बागाईतदारालाही यातून काही मिळते : उघड्या मातीत उभे असलेले गुडघाभर रोप नेमके त्या थंड पट्ट्यात असते, म्हणून त्याच्या फक्त बुंध्याशी पालापाचोळा घालून भागत नाही. रोप वरून झाकावे लागते.

धुराचा सल्ला

थंडीची लाट आली की शेतीच्या पानांवर दोन उपाय छापून येतात : बागेला पाणी द्या आणि पहाटे शेकोट्या पेटवून धूर करा. पहिला उपाय पक्का आहे. ओली माती दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री ती खोलातून वर पोहोचवते. कोरडी, भुसभुशीत माती हे करू शकत नाही. विहिरीचे पाणी तर त्या हवेपेक्षा मुळातच उबदार असते.

दुसरा उपाय मात्र तपासून घ्यायला हवा. धुराचे पांघरूण उष्णता अडवते, असे कारण दिले जाते. धुराचे कण बहुतांशी एक मायक्रोमीटरहून लहान असतात आणि जमिनीतून निघणाऱ्या अवरक्त किरणांची तरंगलांबी दहा मायक्रोमीटरच्या आसपास असते. इतके लहान कण या किरणांना फारसे अडवू शकत नाहीत. ते अडवतात दृश्य प्रकाश, म्हणून तर धूर डोळ्यांना दाट दिसतो. धुक्याचे थेंब मोठे असतात, म्हणून धुके खरोखर पांघरुणाचे काम करते. धूर केवळ तसा दिसतो. उलट पहाटे साचलेला धूर सूर्योदयानंतर ऊन अडवतो आणि पाने उशिरा तापतात. शेकोटीचा जो फायदा होतो तो आगीच्या उष्णतेचा, आणि तिच्यामुळे हवा थोडी ढवळली जाते त्याचा. त्यासाठी लहान लहान आणि पुष्कळ शेकोट्या हव्यात. एकच मोठा जाळ केला तर तापलेली हवा सरळ वर निघून जाते आणि बाजूंनी थंड हवा आत ओढली जाते.

मग हा सल्ला टिकला कसा? शांत रात्री धूर वर न जाता बागेवर आडवा पसरतो आणि खरोखरच पांघरुणासारखा दिसतो. तो असा पसरतो याचा अर्थ वरची हवा खालच्यापेक्षा उबदार आहे. धूर हा थंडीवरचा उपाय नसून धोक्याची खूण आहे. सल्ला लिहिणाऱ्यांनी 'धूर करा' याऐवजी 'लहान शेकोट्या धुराशिवाय पेटवा' एवढे लिहिले तरी मोठे काम होईल.

तुषारसिंचनाचाही उल्लेख कधी कधी येतो, पण अटीशिवाय. एक ग्रॅम पाणी गोठताना ८० कॅलरी उष्णता सोडते आणि पान शून्याच्या खाली जात नाही, हे खरे. पण एक ग्रॅम पाण्याचे बाष्पीभवन होताना सुमारे ६०० कॅलरी उष्णता शोषली जाते. म्हणून एकदा सुरू केलेला फवारा बर्फ वितळेपर्यंत अखंड चालावा लागतो. मध्येच वीज गेली तर न फवारलेल्या बागेपेक्षा फवारलेल्या बागेचे नुकसान जास्त होऊ शकते. ज्या गावांत रात्रीच्या विजेचा भरवसा नाही तिथे हा सल्ला या इशाऱ्याविना छापणे आम्हांला बेजबाबदारपणाचे वाटते.

वर्गात काय करता येईल?

अंदाज बांधण्यासाठी संध्याकाळी चार प्रश्न पुरतात. आकाश निरभ्र आहे का? वारा पडला आहे का? जागा खोलगट आहे का? दवांक किती आहे? चौथ्या प्रश्नाचे उत्तर ओल्या-कोरड्या तापमापींच्या जोडीवरून आणि तक्त्यावरून काढता येते. दव जमू लागले की वाफेची सुप्त उष्णता सुटते आणि थंड होण्याचा वेग मंदावतो. म्हणून संध्याकाळचा दवांक हा पहाटेच्या किमान तापमानाचा ढोबळ आधार ठरतो. दवांक शून्याच्या जवळ किंवा खाली आणि पहिल्या तिन्ही प्रश्नांना 'होय' असेल, तर रोपे झाकावीत. झाकण जमिनीपर्यंत यावे, म्हणजे मातीची ऊब आत राहते. पानांना चिकटू नये. आणि ऊन वर आल्यावर काढावे. गोणपाट, जुनी चादर, वर्तमानपत्र, काहीही चालते. कुंड्या असतील तर पडवीत किंवा झाडाखाली सरकवल्या तरी पुरे. डोक्यावरचे आकाश झाकले गेले की झाले.

पुण्यातल्या बहुतेक शाळांच्या आवारात दहिवर धरणार नाही, पण प्रयोगाला त्याची गरज नाही. जानेवारीतल्या एखाद्या निरभ्र रात्री तीन सारख्या तापमापी ठेवाव्यात : एक सव्वा मीटर उंचीवर छपराखाली, दुसरी उघड्या गवतावर, तिसरी गवतावरच पण उघडलेल्या छत्रीखाली. आधी तिन्ही एका पाण्यात बुडवून त्यांच्या वाचनांतला फरक टिपून ठेवावा. पहाटे सूर्योदयापूर्वी वाचने घ्यावीत. मैदानात गवत नसेल तर उघड्या मातीवर दर दहा सेंटिमीटरला एक अशी तापमापींची शिडी लावून रामदासांचा थर शोधता येतो. वारा जरा सुटला तर तो सापडणार नाही. ती रात्रही नोंदवून ठेवावी.

वाचने हाती आली की त्याच दिवशीचे वर्तमानपत्र वर्गात आणावे. आपल्या तीन आकड्यांपैकी कोणता छापील आकड्याच्या सर्वांत जवळ आहे, आणि का, हे मुलांनीच लिहून काढावे. फरक मोठा आढळला तर तो तपशिलासह वर्तमानपत्राच्या संपादकांना कळवावा. किमान तापमानाच्या चौकटीखाली 'उघड्या गवतावर याहून तीन-चार अंश कमी असू शकते' अशी एक ओळ छापायला जागा फार लागत नाही, आणि द्राक्षाच्या हंगामात ती ओळ वाचणारे पुष्कळ असतात.